कांद्याची पट्टी आणि मागणीची लवचिकता

प्रश्न : मी निफाड तालुक्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. एफ.वाय.बी.ए.चा वर्ग, पटावर ऐंशीच्या वर, हजर निम्मे. ‘मागणीची लवचिकता’ या प्रकरणासाठी रात्री जागून साठ स्लाइडचं पीपीटी केलं, ॲनिमेशन घातलं, व्हिडिओ जोडले. मुलं दहा मिनिटं बघतात, मग मोबाइल. शेवटी “मॅडम, नोट्स ग्रुपवर टाका ना” एवढंच. सर, आशय रंजक करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि ते करत बसले तर पोर्शन कसा संपणार? शिवाय नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची तयारी चालू आहे, पीपीटी तर दाखवावंच लागतं.
— एक सहायक प्राध्यापिका (नाव राखून ठेवले आहे)

उत्तर : मॅडम, स्लाइड चांगल्याच असतील. पण साठच्या साठ स्लाइड उत्तरं देतायत आणि वर्गात अजून कुणाला प्रश्नच पडलेला नाही. ॲनिमेशनने तो पडत नाही.

तुम्ही निफाडला शिकवता, लासलगाव तुमच्याच तालुक्यात. आणि लवचिकता, म्हणजे भाव हलला की मागणी किती हलते, ते समजवायला पुस्तकातलं काय वापरताय? बहुतेक मीठ आणि मोटारगाडी. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी कांदाचाळीत उन्हाळ कांदा भरलेला असतो हो!

पुढच्या तासाला प्रोजेक्टर लावूच नका. फळ्यावर एवढंच लिहा : ‘यंदा देशभर कांदा दहा टक्के कमी आला. सगळ्या कांदा उत्पादकांचे मिळून पैसे १) वाढतील, २) घटतील, ३) तेवढेच राहतील?’ दोन मिनिटं शांतता. मग प्रत्येकाने एक, दोन किंवा तीन बोटं छातीशी धरून दाखवायची, शेजाऱ्याचं बघून नाही. उत्तर तुम्ही सांगायचं नाही, चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. आता शेजाऱ्याला पटवा म्हणावं, आणि चार मिनिटांनी पुन्हा बोटं.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात ती रुजवली. आपले विद्यार्थी गणितं सोडवतात पण साध्या संकल्पनेच्या प्रश्नावर अडखळतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांचा ढोबळ हिशेब असा : पहिल्या फेरीत तीस ते सत्तर टक्के मुलं बरोबर असतील तर आपसातली चर्चा कामाची. त्याहून कमी असतील तर तुम्हीच पुन्हा समजवा, जास्त असतील तर पुढे चला. उत्तर नोंदवणारी क्लिकर वगैरे यंत्रं आपल्याला नकोत, बोटं पुरतात.

चर्चेत एक पोरगा हमखास उठेल : “मॅडम, आमचा तर चाळीतच सडला. आम्हाला कुठं जास्त मिळाले?” त्याला गप्प बसवू नका, तुमचा तास त्यानेच उभा केलाय. एकट्याचा माल घटला तर बाजारभाव हलत नाही, सगळ्यांचा घटला तर हलतो. एकट्या शेतकऱ्याचं उत्पन्न आणि सगळ्या बाजाराचं उत्पन्न यातला हा फरक पुस्तक वाचून भल्याभल्यांना उमजत नाही.

मग आकडे. समजा १०० क्विंटल होते, भाव १,००० रुपये. म्हणजे एक लाख. आता ९० क्विंटल आणि भाव १,३०० : एक लाख सतरा हजार. माल दहा टक्क्यांनी घटला, भाव तीस टक्क्यांनी चढला. दहा भागिले तीस, म्हणजे ०.३३. एकापेक्षा कमी, म्हणजे भावाच्या मानाने मागणी कमी हलली. आता, इथे, व्याख्या फळ्यावर लिहा. सूत्राआधी गरज तयार झाली की सूत्र पाठ करायला सांगावं लागत नाही.

मागणी वक्राची आकृती मुलांनाच काढू द्या. बारावीला गणित असलेली एखादी मुलगी विचारेल, किंमत उभ्या अक्षावर का? तिचं बरोबर आहे. ही अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्यापासून चालत आलेली पद्धत आहे आणि गणिताच्या रीतीने ती उलटीच आहे. सरळ सांगून टाका.

दुसऱ्या तासाला हिशेबपट्टी आणा, म्हणजे कांदा विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारी पावती. नाव झाकून झेरॉक्स, चार जणांत एक. वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. सोबत पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचे लासलगावचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. एकाच दिवशी किमान आणि कमाल यांत एवढी तफावत का, यावर पोरं तुम्हालाच प्रतवारी शिकवतील. मात्र कुणालाही स्वतःच्या घरची पट्टी आणायला लावू नका. घरची कमाई चारचौघांत मांडणं प्रत्येकाला जमत नाही. आणि वर्गात सगळे जमीनवाले नसतात. एकरावर ठरवून लागण करणाऱ्या टोळीत जिची आई जाते, तिला विचारण्यासारखा वेगळा प्रश्न आहे : भाव तिप्पट झाला तर लागणीची मजुरी किती वाढते, आणि का नाही वाढत? तो प्रश्न ठेवला नाही तर तुमचा तास फक्त बागायतदारांचा होईल.

तिसऱ्या तासाला सरकार. ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क, डिसेंबरात थेट बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, ते पुढे वीस टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झालं. लिलाव बंद पडले होते ते पोरांना आठवत असेल. निम्मा वर्ग शेतकरी, निम्मा मुंबईतलं गिऱ्हाईक, असा वाद लावा. अट एकच : प्रत्येक मुद्द्यात मागणी किंवा पुरवठा यांपैकी कोणता वक्र कुठे सरकला हे बोलून दाखवायचं. नाहीतर चावडी होते, तास होत नाही.

पोर्शनचं म्हणाल तर सगळं वर्गात बोललंच पाहिजे असं विद्यापीठ कुठेही म्हणत नाही. लवचिकतेचे पाच प्रकार, गुणदोष, महत्त्व हे मुलं घरी वाचू शकतात. वाचायला देताना मात्र एक प्रश्न सोबत द्या, नुसतं ‘वाचून या’ म्हटलं तर कुणी वाचत नाही. तासाची शेवटची दहा मिनिटं परीक्षेचं उत्तर लिहून घ्या : ‘मागणीची लवचिकता ठरवणारे घटक स्पष्ट करा’, उदाहरण स्वतःचं. परीक्षकाला शंभर पेपरांत मिठाची पुडी वाचून कंटाळा आलेला असतो.

सगळ्या प्रकरणांना असं करायला जाऊ नका, दमून जाल. सत्रात तीन-चार अवघड जागा निवडा : लवचिकता, घटता प्रतिफल नियम, संधी खर्च. बाकीचं नेहमीसारखं बोलून शिकवा. नीट बोलणारा शिक्षक काही वाईट नसतो. मार्च-एप्रिलला काढणीत हजेरी पडते तेव्हा मात्र नवा प्रश्न काढू नका. आलेल्यांकडून सराव करून घ्या.

व्हिडिओंचा नाद सोडा. फारच वाटलं तर लिलावाचा दोन मिनिटांचा तुकडा आवाज बंद करून दाखवा आणि भाव कुठे अडेल ते विचारा.

नॅकसाठी पीपीटी हवंच असेल तर तीन स्लाइड ठेवा : प्रश्न, दर, आकृती. दोन्ही फेऱ्यांत किती बोटं कुठे पडली त्याची नोंद, झेरॉक्स पट्ट्या आणि मुलांची दहा मिनिटांतली उत्तरं तारखेनिशी फाइलला लावा. समितीसमोर साठ स्लाइडपेक्षा ही फाइल ठेवलेली बरी. प्राचार्यांना मात्र आधीच कल्पना द्या. वर्गातून गलका ऐकू आला की ते दारात येणारच.