काट्यानं काटा, मेणानं मेण

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही मूळचे नाशिकचे, सध्या कॅलगरीत राहतो. मुलगी तेरा वर्षांची आहे, तिच्यासाठी यंदा बर्फावरून घसरायला एक जुना स्नोबोर्ड घेतला. तो नीट सरकत नव्हता म्हणून तिच्या मैत्रिणीकडून मेणाची वडी आणली आणि खालून सगळीकडे घासली, छान नारळाचा वास होता तिला. आता बोर्ड बर्फाला चिकटतोच, सपाट जागी मध्येच अडतो आणि ती तोंडावर पडते. गरम पाण्यानं धुतलं, भांड्याच्या साबणानं घासलं, काही उपयोग नाही. हे म्हणतायत पेट्रोलनं पुसू. काय करू? (एक आई, कॅलगरी)

उत्तर : आधी पेट्रोलचा विचार डोक्यातून काढा. हिवाळ्यात तुम्ही हे बंद गॅरेजमध्येच करणार, तिथे हीटर चालू असणार, नको ते. आणि मुलीला त्या बोर्डवर आत्ता पाठवू नका, उतारावर वेगात असताना बोर्ड असा अचानक धरला गेला की मनगट मोडतं.

नारळाचा वास म्हणालात तिथेच लक्षात आलं, ती वडी सर्फिंगची आहे. सर्फबोर्डला मेण लावतात ते वरच्या बाजूला, जिथे पाय ठेवून उभं राहायचं तिथे, ओले पाय घसरू नयेत म्हणून, आणि स्नोबोर्डला लावतात ते खालून, बोर्ड घसरावा म्हणून! नाव एकच पण काम बरोब्बर उलटं. कॅरमवर पावडरच्या जागी गुळाचं पाणी शिंपडल्यावर सोंगटी कशी जाईल, तसं झालंय. व्हँकुव्हर बेटावर टोफिनोला सर्फिंग करणारे भरपूर आहेत, त्यामुळे तुमच्याकडे कुणाच्या घरी ही वडी असणं नवल नाही, आणि दोन्हीला वॅक्सच म्हणतात तर गोंधळ होणारच, मुलींना रागावू नका.

आता काढायचं कसं. तुम्ही गरम पाणी वापरलंत, पण सुरुवात थंडीनं करायची. कपड्यावर मेणबत्तीचं मेण सांडलं की आपण बर्फ लावून ते कडक करतो आणि मग नखानं खरवडतो ना, तेच इथे. बोर्ड कोरडा करून अर्धा तास बाहेर ठेवा, तुमच्याकडे फ्रीजरची गरजच नाही, उणे दहा असेल तर उत्तम. मग प्लास्टिकचा स्क्रेपर दोन्ही हातांनी धरून थोडा पुढे कलता ठेवायचा आणि बोर्डच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एकाच दिशेनं ओढायचा. गोळ्या आणि पापुद्रे सुटून पडतात. खाली पेपर अंथरा, आणि ते खरवडलेलं मेण सिंकमध्ये अजिबात टाकू नका, पाइप तुंबतो. धातूचा स्क्रेपर किंवा सुरी नको, बोर्डचा तळ पॉलिथिलीनचा असतो, त्यावर लगेच चरे पडतात. स्टीलच्या कडा, बाजूची पट्टी, बुटांचे तळवे पण बघा, तिथलं राहिलं की ते परत तळाला लागतं.

एवढं झाल्यावर वरवर स्वच्छ दिसेल पण अंगठा दाबून बघा, अजून चिकट लागेल. आता बोर्ड घरात आणा, घरातल्या हवेइतका होऊ द्या, दव धरेल ते पुसा, खिडकी उघडी ठेवा आणि संत्र्याच्या सालीच्या तेलापासून बनवलेला बेस क्लीनर, म्हणजे बोर्डचा तळ साफ करायचं द्रावण, कपड्यावर घेऊन पुसा. कपड्यावर घ्यायचा, बोर्डवर ओतायचा नाही. कपडा बदलत राहा नाहीतर तेच मेण इकडून तिकडे फिरतं. त्या क्लीनरनं तळ कोरडा पडतो म्हणून एकदाच, जेमतेम, आणि मग पूर्ण वाळू द्या.

खरं काम पुढचं आहे आणि बरेच लोक इथेच कंटाळतात. तळाच्या बारीक छिद्रांत जे शिरलंय ते मेणानंच बाहेर काढायचं. दुकानात मऊ वॅक्स मागा, उबदार बर्फासाठीचं, बहुतेक कंपन्यांचं पिवळं असतं. बाइंडिंगचे, म्हणजे बूट अडकवायच्या पट्ट्यांचे, स्क्रू सैल करा, बोर्ड दोन स्टुलांवर उलटा ठेवा. वॅक्सिंगच्या इस्त्रीवर वडी टेकवून थेंब पाडा, आणि मग इस्त्री सावकाश पण न थांबता फिरवा. मी सुरुवातीला घरची इस्त्री वापरली, मध्ये फोन वाजला म्हणून क्षणभर एका जागी राहिली, तर रुपयाएवढा चकचकीत डाग पडला आणि त्या जागेनं पुढे मेण धरलंच नाही. हा तळ साधारण १३० अंशांना वितळतो आणि कॉटनवर ठेवलेली इस्त्री २०० च्या आसपास जाते, म्हणून जीव तुटून सांगतेय. इस्त्रीतून धूर आला तर ती जास्त तापलीय. बोर्डच्या दुसऱ्या बाजूला हात लावा, कोमट लागलं की पुरे.

आणि आता गार होऊ द्यायचं नाही! मेण मऊ असतानाच लगेच खरवडा. पहिल्या वेळी जे निघेल ते करडं, मळकट निघेल, जुन्या मालकाची घाण पण त्यातच येते. परत थेंब, परत इस्त्री, परत खरवडा. दोनदा, तीनदा, मेण जसं लावलं तसंच स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी थंड बर्फाचं कडक वॅक्स लावा, तुमच्याकडे पारा उणे पंधरापर्यंत सहज जातो आणि इतक्या थंडीत बर्फाचे कण टोकदार असतात, मऊ मेणात रुततात. हे मात्र पूर्ण गार होऊ द्या, अर्धा तास तरी, मग खरवडून नायलॉनचा ब्रश मारा. खरवडताना वाटेल अरे सगळंच काढलं, तसंच हवं, मेण आत राहायला पाहिजे, वर नाही.

इतकं करायला वेळ नसेल तर बोर्डची डागडुजी करणाऱ्या ट्यूनिंगच्या दुकानात द्या, पण सर्फचं मेण लागलंय हे आधी सांगा, नाहीतर ते त्यांच्या मशीनला लागतं.

प्रश्न : मी पुण्याचा. मार्चअखेर गुलमर्गला गेलो होतो, सकाळी भाड्याचा बोर्ड मस्त चालला, दुपारी खालच्या भागात चिकटायला लागला. त्याला पण चुकीचं मेण लावलं असेल का?

उत्तर : नाही हो, सकाळी चालला ना मग मेणाचा दोष नाही. दुपारी उन्हानं बर्फ ओला होतो, तळ आणि बर्फ यांच्यामध्ये पाणी साचतं आणि ते बोर्डला ओढून धरतं, दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तसं. पुढच्या वेळी खिशात हातानं घासायची मऊ वॅक्सची छोटी वडी आणि बुचाचा तुकडा ठेवा. जेवणाच्या सुट्टीत तळ नीट कोरडा पुसून वडी घासा, मग बुचानं जोर लावून चोळा. तास-दोन तास टिकेल, संपलं की परत लावा. आणि दुपारी वरच्या टप्प्यावरच राहिलात तर बर्फ कोरडा मिळण्याची शक्यता जास्त.