पाणी पडायच्या आधीच विरघळणारं केमिकल?

प्रश्न: विज्ञानकथांत यानं, रोबो, परग्रहवासी ढिगाने भेटतात पण केमिस्ट्रीवाले कुठे दिसत नाहीत, असं का? मी स्वतः एमएस्सी करतोय म्हणून जरा लागतं मनाला!

उत्तर: अहो, लागायचं काय त्यात, प्रसिद्ध विज्ञानकथाकार आयझॅक असिमोव्ह तुमच्याच जातकुळीतले, केमिस्ट्रीवाले! कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करताना ते कॅटेचॉल नावाचं रसायन वापरायचे, ते पाण्याला टेकताच विरघळायचं, आणि बघता बघता डोक्यात आलं की समजा हे टेकायच्या आधीच विरघळलं तर? झालं, १९४८ च्या मार्चमध्ये 'थायोटिमोलीन' नावाच्या संपूर्ण बनावट पदार्थावर विज्ञानकथांच्या मासिकात त्यांचा लुटुपुटूचा शोधनिबंध छापून आला, तक्ते, आलेख, खोटे संदर्भ सगळं साग्रसंगीत. पाणी घालायच्या १.१२ सेकंद आधीच पूड गायब! कारण काय तर म्हणे कार्बनच्या चार बंधांपैकी एक भूतकाळात जातो आणि एक भविष्यात. लॉजिक अगदी चोख, फक्त धादांत खोटं. मला विचाराल तर यानांच्या लढायांपेक्षा ही विज्ञानकथा जास्त अस्सल वाटते.

संपादकांना टोपणनावाने छापा असं सांगूनही लेख खऱ्या नावानेच आला, आणि तोंडी परीक्षा तोंडावर! मग काय, पठ्ठ्याची पाचावर धारण. शेवटी एका परीक्षकाने गंभीर चेहऱ्याने विचारलंच, थायोटिमोलीनच्या थर्मोडायनॅमिक (उष्णता-ऊर्जेच्या) गुणधर्मांबद्दल काही सांगा. असिमोव्हना हसू आवरेना, नापास करायचं असतं तर अशी थट्टा केली नसती हे त्यांनी तिथेच ओळखलं. थोड्या वेळाने बाहेर येऊन परीक्षकांनी अभिनंदन केलं, डॉक्टर असिमोव्ह म्हणून.