कादंबरीतल्या पात्रावर वर्गात खटला चालवायचा, तर सुरुवात कुठून करावी?

आरोपापासून. ‘तो माणूस वाईट आहे का?’ यावर खटला उभा राहत नाही, नुसती वादावादी होते. ‘त्याने मित्राची ठेव हडपली’ असा एका वाक्यातला आरोप हवा, ज्याला पुस्तकात दोन्ही बाजूंनी आधार सापडेल.

पुरावा फक्त पुस्तकातला, पान क्रमांकासह. हा नियम सैल सोडलात की साक्षीदार मनाचं रचायला लागतात. माझ्या वर्गात शेजारीण झालेल्या मुलीने ‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं’ असं ठणकावून सांगितलं. बचावाच्या वकिलाने शांतपणे पुस्तक उघडलं आणि विचारलं, ‘पण त्या रात्री तर तुम्ही परगावी होतात ना?’ वर्ग हसून लोटपोट. पुढच्या तासाला तीच मुलगी पुस्तकात कागदाचे डझनभर तुकडे खोचून आली!

सरतपासणीत (आपल्याच साक्षीदाराला विचारताना) उत्तर सुचवणारे प्रश्न नकोत, उलटतपासणीत (समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला विचारताना) चालतात. वकिलांना एवढं शिकवलं तरी पुरे. आरोप सिद्ध करायचा फिर्यादी पक्षाने, संशयाचा फायदा आरोपीला. न्यायाधीश तुम्ही व्हा (नाहीतर आरडाओरडा आवरत नाही), पण निकाल उरलेल्या मुलांना ज्युरी म्हणून देऊ द्या, तोही कारणांसह लेखी.