गम तेजोमेघ: चूक कॅमेऱ्याची नाही

गम तेजोमेघाचा, म्हणजे दक्षिण आकाशातल्या हायड्रोजन वायूच्या अफाट ढगाचा, फोटो नीट येत नाही म्हणून नवा कॅमेरा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावरून 50 मिमी लेन्स, पुढे 7 नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर (हायड्रोजनच्या लाल उजेडाचा तेवढाच अरुंद पट्टा आत सोडणारा), अर्धा तास एक्स्पोजर. खाली उजेडाचा थर, मधोमध जेमतेम लाली, कडा कोऱ्या, असं तुम्ही लिहिलंय. आयआर (अवरक्त किरण अडवणारा) फिल्टर काढलेला फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आहे, तो भरपूर झाला.

आधी जागा. हिप्परगा शहराच्या उत्तरेला, त्यामुळे दक्षिणेकडे रोखलेला कॅमेरा सोलापूरच्या डोक्यावरूनच बघतो. जवळ पडतं म्हणून मीही दोन हिवाळे तिथेच फुकट घालवले. गम तेजोमेघाचा मध्य आपल्याकडे फार तर 30 अंश वर येतो, म्हणजे डोक्यावरच्या दुप्पट हवेतून त्याचा उजेड गाळून येतो. सोलापूरच्या दक्षिणेला मंद्रूपच्या पुढे भीमेच्या अंगाला जा, शहर पाठीशी टाका. गंमत अशी की ट्रॅकर (आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) जुळवायला लागणारा ध्रुव मग शहराच्या उजेडात जातो, तोही जेमतेम साडेसतरा अंशांवर. पण दिसतो, काम भागतं. रानमालकाला आधी सांगून ठेवा. जानेवारीत ज्वारी उभी असते. राखणीवाल्याने बॅटरी मारली की फ्रेम गेलीच.

आता कोऱ्या कडा. असा फिल्टर सरळ येणाऱ्या किरणांसाठी असतो. किरण तिरपा झाला की फिल्टरची खिडकी, म्हणजे तो आत सोडतो तो रंगाचा पट्टा, निळ्याकडे सरकते. 10 अंशांवर साधारण अडीच नॅनोमीटर, 20 अंशांवर, म्हणजे तुमच्या फ्रेमच्या डाव्या-उजव्या कडेला, नऊ-दहा. हायड्रोजनची 656.3 नॅनोमीटरची लाल रेषा तिथे अडकणारच! पैसे खर्चायचेच तर सेन्सरपुढे बसणारा क्लिप-इन फिल्टर घ्या आणि लेन्सचं छिद्र एफ/4 वर ठेवा. एफ/1.8 वर, म्हणजे छिद्र जास्त उघडलं की, लेन्समागचे किरणही इतके तिरपे येतात की पुन्हा तेच रडगाणं.

अर्ध्या तासात मात्र काही होत नाही. ऑस्ट्रेलियन खगोलशास्त्रज्ञ कॉलिन गम यांच्या दक्षिणेकडच्या तेजोमेघांच्या 1955 च्या यादीतला हा 12 वा, पसारा सुमारे 36 अंश, म्हणून उजेड विरळ. तीन-तीन मिनिटांच्या फ्रेम, दोन-तीन रात्री मिळून चार तास तरी, अमावस्येच्या आसपास. जानेवारीच्या मध्याला तो रात्री एकच्या सुमारास सर्वात वर असतो. अगस्त्य तारा सापडला की त्याच्या पूर्वेला बघा. आसपास उसाचं पाचट पेटलेलं असेल, तर त्या रात्री सरळ झोपा. धुरात दक्षिण क्षितिज दिसतच नाही.