सिलिमरिनच्या कॅप्सूल चालू ठेवाव्यात का?

प्रश्न : डॉक्टर, माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम ८४ आहे. दारूला त्यांनी कधी हात लावलेला नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून ते सिलिमरिनच्या कॅप्सूल आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या घेतात. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय कसला?’ म्हणतात. काय करू?

उत्तर : अर्काच्या गोळ्या आजच बंद करा. कपभर चहा वेगळा, अर्क वेगळा. त्यातला मुख्य घटक ईजीसीजी दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त पोटात गेला, तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. क्वचित कावीळही होते. वडिलांचं एसजीपीटी आधीच वाढलेलं असताना ही भर कशाला?

सिलिमरिनबद्दल मात्र मला मनापासून आदर आहे. मिल्क थिसल या काटेरी, जांभळ्या फुलांच्या झाडाच्या बियांतून ते काढतात. सिलिबिन हा त्यातला मुख्य घटक. डेथ कॅप ही विषारी अळंबी कुणी खाल्ली, की तिचं अमॅनिटिन यकृताच्या पेशीत शिरतं, तिथलं प्रथिनं बनवण्याचं काम ठप्प करतं आणि पेशी मरते. हे विष आत घेणारे वाहक पेशीच्या आवरणावर असतात. सिलिबिन नेमकं त्यांनाच अडवतं! म्हणून युरोपात अशा रुग्णांना ते शिरेतून देतात. कॅप्सूलमधलं सिलिबिन मात्र रक्तात फार थोडं उतरतं, आणि उतरतं तेही यकृत झटपट पित्तावाटे बाहेर टाकतं.

शिवाय फॅटी लिव्हरमध्ये बाहेरून शिरणारं असं विष नसतंच. इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही आणि चरबी पेशीतच साठत जाते. काही छोट्या अभ्यासांत सिलिमरिनने एसजीपीटी थोडं उतरलं. पण हेपटायटिस सीच्या रुग्णांवरच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा देऊनही प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) जास्त गुण आला नाही.

कॅप्सूलने सहसा अपाय होत नाही, फार तर पोट बिघडेल. पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. वजन जास्त असेल तर ते ७ ते १० टक्क्यांनी उतरवा. यकृताची सूज त्याने खरोखर कमी होते. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), हेपटायटिस बी आणि सीच्या तपासण्या, फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्या. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही बाटल्या लेबलासकट न्या. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, तर त्याच दिवशी दाखवा.