प्रिंट हिरवी, स्टिअरिंग तिरकं: अलाइनमेंट झाली की नाही?

तुम्ही लिहिलंय की नवीन टायर टाकून अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केली, गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग उजवीकडे तिरकं राहतं. टायरवाला मशीनची प्रिंट (हिरवा आकडा म्हणजे कंपनीच्या मर्यादेत) पुढे करून "सगळं हिरवं आहे" म्हणतो आणि फार मागे लागलात तर "स्टिअरिंग काढून सरळ बसवून देतो, पाच मिनिटांचं काम" म्हणतो. हे शेवटचं वाक्य वाचून लिहायला घेतलं. ते काम करू देऊ नका. पुढच्या टायरची एक जोडी आणि वर एअरबॅगची कॉइल, एवढा भुर्दंड मला असल्याच पाच मिनिटांनी पडला आहे. दुकानाचं नाव घेत नाही, कारण असं करणारं ते एकटं नाही.

हवा सारखी आहे, टायर एकाच मापाचे आहेत, टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंटला (चाकाकडचे सांधे) प्ले, म्हणजे ढिलेपणा, नाही, हे धरून चालतो. गाडी नेहमीची हॅचबॅक दिसते: पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम (सस्पेन्शनचे नेहमीचे प्रकार). अशा बहुतेक गाड्यांत कंपनीने अ‍ॅडजस्टमेंट एकच दिलेली असते, पुढचा टो, म्हणजे वरून बघितलं तर चाक आत किंवा बाहेर किती वळलंय तो कोन. कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने बघता चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा कल) मशीन दाखवतं, पण ते फिरवायला काही नसतं. म्हणजे तुमच्या पैशांत मेकॅनिकने खरं काम केलं ते दोन टाय रॉड (रॅक, म्हणजे स्टिअरिंगने डावी-उजवी सरकणारी दातेरी पट्टी, चाकांना जोडणारे दांडे) फिरवायचं. ते नीट केलं का, एवढाच प्रश्न.

एकूण टो आणि प्रत्येक चाकाचा टो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा स्टिअरिंग सरळ धरलेलं असताना डावं चाक +२० मिनिटं (६० मिनिटं म्हणजे १ अंश; + म्हणजे आत, − म्हणजे बाहेर) आणि उजवं −१० मिनिटं आहे. एकूण +१० मिनिटं, म्हणजे हिरवं. पण रस्त्यावर दोन्ही चाकं आपोआप +५-+५ वर येऊन बसतात, म्हणजे प्रत्येक चाक १५ मिनिटं वळतं. स्टिअरिंगचं गुणोत्तर साधारण १६:१ धरलं तर स्टिअरिंग ४ अंश तिरकं होतं. कडेवर मोजलं तर तेरा-एक मिलिमीटर, डोळ्याला सहज खटकेल इतकं. टायर यात झिजत नाहीत, गाडी ओढतही नाही. म्हणून प्रिंटवर फक्त एकूण टो बघू नका, डावा-उजवा वेगळा बघा.

तुमच्या प्रिंटवर डावा-उजवाही सारखाच असेल आणि तरी स्टिअरिंग तिरकं असेल, तर नव्वद टक्के वेळा एकच झालेलं असतं: टाय रॉड फिरवताना स्टिअरिंग सरळ धरून लॉक केलेलं नव्हतं. सीट आणि स्टिअरिंगमध्ये अडकवायचा दांडा प्रत्येक दुकानात असतो, बऱ्याचदा कोपऱ्यात उभा. उरलेल्या वेळी लॉक नट (टाय रॉड जागेवर धरणारा) आवळताना टाय रॉड थोडा फिरतो आणि रीडिंग सरकतं. नट आवळल्यावर स्क्रीनकडे पुन्हा बघायचं असतं. प्रिंट मात्र आवळायच्या आधीच काढलेली असते.

आता स्टिअरिंग काढण्याबद्दल. रॅकला मध्य असतो. टाय रॉड एकाच बाजूने फिरवत गेलं की गाडी सरळ जाताना रॅक मध्यावर राहत नाही. स्टिअरिंग काढून सरळ लावलं की हा दोष दिसेनासा होतो, जात नाही. एका बाजूला गाडी जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी. वळणावर दोन चाकांचे कोन जमत नाहीत आणि टायर घासतात. इंडिकेटर एका बाजूला लवकर सुटतो, दुसरीकडे उशिरा. एअरबॅगवाल्या गाडीत स्टिअरिंगखाली क्लॉक स्प्रिंग (वर म्हटलेली कॉइल, एअरबॅग-हॉर्नची गुंडाळलेली वायर) असते, दोन्ही बाजूंना मोजकेच वेढे जाणारी. एक-दोन खाचा सरकल्याने ती तुटत नाही, पण स्टिअरिंग बाहेर असताना कोणी ती फिरवली की तुटते. मग हॉर्न बंद, एअरबॅगचा दिवा चालू. शिवाय एअरबॅग काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून काही मिनिटं थांबायचं असतं. टायरच्या दुकानात हे होताना दिसलं तर मला कळवा. ईएसपी (गाडी घसरण्यापासून सावरणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य स्कॅनर लावून बघावा लागतो, तो विषय वेगळा.

स्टिअरिंग काढणं एकाच परिस्थितीत बरोबर: आधी कोणीतरी ते चुकीचं बसवलेलं असेल तर. हे घरी कळतं. गुळगुळीत फरशीवर इंजिन चालू ठेवा, स्टिअरिंगच्या वरच्या मध्यावर चिकटपट्टी लावा. पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे किती फेरे होतात ते मोजा. समजा ३.२ झाले. उजव्या टोकापासून १.६ फेरे परत या. इथे रॅक मध्यावर आहे. इथे स्टिअरिंग सरळ असेल तर ते जागच्या जागी आहे, दोष टाय रॉडमध्ये. इथेच ते तिरकं असेल तर कोणीतरी आधी हात घातला आहे. टोकाला नेऊन दाबून धरू नका, पॉवर स्टिअरिंगवर ताण येतो. अर्ध्या मिनिटाचा दुसरा पुरावा गाडीखाली मिळतो: लॉक नटच्या पुढे दोन्ही टाय रॉडचे उघडे आटे मोजा. दोन-तीन आट्यांचा फरक चालतो. एका बाजूला आठ-दहा जास्त असतील तर सगळं काम एकाच बाजूने झालंय, किंवा आधी एखादा टाय रॉड वाकलाय. तिथेच रॅकचा रबरी बूट बघा. क्लिप ढिली न करता टाय रॉड फिरवला की बूट पिळलेला दिसतो. तो फाटला की धूळ-पाणी रॅकमध्ये, आणि रॅक म्हणजे मोठं बिल.

पुढच्या वेळी उभं राहून बघायचं ते एवढंच. क्लॅम्प लावल्यावर गाडी मागे-पुढे ढकलून रनआउट (क्लॅम्प-रिमच्या वाकडेपणाने मोजणीत येणारी चूक) काढला का. टर्नटेबलच्या (पुढच्या चाकांखालच्या फिरत्या ताटल्यांच्या) पिना काढल्या का. स्क्रीनवर तुमचंच मॉडेल निवडलं का, कारण दुसऱ्या मॉडेलचं हिरवं तुमच्या कामाचं नाही. प्रिंटवर आधीचं आणि नंतरचं, दोन्ही हवं. फक्त नंतरचं दिलं तर मी ते काम धरत नाही. कॅस्टरचा रकाना रिकामा असेल तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवून मोजणी केलेलीच नाही. आणि एकक बघा: १० मिनिटं म्हणजे ०.१७ अंश, ०.१० नव्हे. मिलिमीटरमध्ये असेल तर १४ इंची रिमवर १ अंश म्हणजे साधारण ६.२ मिलिमीटर.

टो चुकणं क्षुल्लक वाटतं म्हणून सांगतो: एका चाकाचा टो पाव अंश चुकला तर ते चाक दर किलोमीटरला चारेक मीटर आडवं घासत जातं. टायरवर तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टो चुकलाय. हाताला काही न लागता फक्त आतली कड झिजली असेल तर कॅम्बरचा संशय घ्या.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर मात्र टोला दोष देऊ नका. आपले रस्ते डावीकडे उतरते असतात, थोडं डावीकडे जाणं चालायचंच. जास्त ओढत असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदला (एकाच दिशेला फिरवायचे टायर नसतील तर). ओढ बाजू बदलली की दोष टायरचा, कितीही अलाइनमेंट केली तरी जाणार नाही. नाही बदलली तर डाव्या-उजव्या कॅम्बरचा फरक बघा. अर्ध्या अंशापेक्षा जास्त असेल तर खड्ड्यात काहीतरी वाकलंय. "कॅम्बर काढून देतो" म्हणत जॅक लावून स्ट्रट वाकवणाऱ्यांपासून लांब राहा. वाकलेला भाग बदलायचा असतो, उलट वाकवायचा नसतो. यावर इथे मतभेद होतील, होऊ देत.

दर ५००० किलोमीटरला अलाइनमेंट हा दुकानदारांचा मंत्र आहे. पावसाळा संपला, खड्ड्यात जोरात आपटली, किंवा स्टिअरिंगचं काम झालं, तेव्हा करा. ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं ते बॅलन्सिंग, त्यासाठी अलाइनमेंटचे पैसे देऊ नका.

तुमची गाडी समोर बघितलेली नाही, त्यामुळे आधी फेरे आणि आटे मोजा. मग त्याच दुकानात जाऊन इतकंच म्हणा: "स्टिअरिंग सरळ लॉक करा, दोन्ही टाय रॉड सारखे आणि उलट फिरवा, एकूण टो हलवू नका, नट आवळल्यावर प्रिंट काढा." पंधरा मिनिटांचं काम आहे. का-कू केली तर जुनी प्रिंट परत मागून घ्या आणि दुसरीकडे जा. टायर लवकर झिजला म्हणून कंपनीकडे क्लेम करायची वेळ आली तर तोच कागद मागतात.