फोटो काढलात, प्रिंट दिलीत का?

प्रश्न : मी बँकेत नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी तांबट आळी, बुरूड आळी, जुना बाजार असं फिरून कारागिरांचे फोटो काढते. तुमच्यासारखं व्यक्तिचित्रांचं पुस्तक करायचंय. नोकरी सोडू का?
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : मुळीच नको. माझ्या पुस्तकांना लोक बरं म्हणतात, पण घर अजून लग्नांच्या कामांवरच चालतं. मुहूर्त असतात तेव्हा मी आंतरपाटाशेजारी उभी, आणि चातुर्मासात पुस्तकाचं काम. तुमचा तर पगार बाराही महिने येतो.

अमेरिकेत बफेलो शहरात मिल्टन रोगोविन नावाचे चष्म्याचे डॉक्टर होते. १९५७ साली साम्यवादी म्हणून त्यांना तिथल्या संसदेच्या समितीपुढे उभं केलं, पेपरात नाव आलं, पेशंट तुटले. रिकामा झालेला वेळ त्यांनी कॅमेऱ्याला दिला. १९७२ पासून दवाखान्याजवळच्या गरीब वस्तीतल्या माणसांचे फोटो काढले, आणि १९८०च्या व १९९०च्या दशकांत शोधत शोधत त्याच माणसांकडे परत गेले. ते तीन-तीन फोटो शेजारी ठेवून पाहिले की मग वेगळं लिहायला फार उरत नाही. शिवाय ज्याचा फोटो त्याला प्रिंट द्यायचे. आपल्याकडे नेमकं हेच होत नाही. दर रविवारी कॅमेरेवाले आळीत शिरतात आणि फोटो घेऊन पसार होतात. कारागीर वैतागले तर नवल काय?

तुम्ही तीन ठिकाणं धरलीत, त्यातलं एकच ठेवा. तांबट आळी ठेवा म्हणेन. मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीचे ठोके घालणं, चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा प्रश्न विचारू नका. हातोडी चहाला थांबते, तेव्हा बसा. पाण्याच्या बंबाला गिऱ्हाईक कधीपासून कमी झालं, घंगाळ आता कोण नेतं आणि कशाला, मुलगा या कामात आहे का, हे विचारा. ‘तुम्हाला कसं वाटतं’ हा प्रश्न टीव्हीवाल्यांना राहू द्या. ऐकलेलं त्याच रात्री त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी ते तुमच्या शब्दांत येतं आणि गुळगुळीत होतं.

उजेड दारातून येतो तेवढाच. माणसाला दाराकडे तोंड करून बसवा, मागची काजळीची भिंत काळीच राहू द्या. पन्नास मिलिमीटरची लेन्स पुरते. लांबून टिपायची मोठी लेन्स घरी ठेवा, तिच्यामुळे जवळ जायची सवयच लागत नाही.

प्रश्न : फोटोसाठी लेखी परवानगी घ्यावी का? कागद पुढे केला की माणसं बिचकतात.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : पुस्तकात छापणार असाल तर घ्या. मराठीत, चार ओळींत, आणि पहिल्या भेटीत नव्हे. प्रिंट घेऊन दुसऱ्यांदा जाल तेव्हा. आपला फोटो हातात असला की माणूस कागद नीट वाचतो आणि ‘हा नको, तो घाला’ असंही सांगतो. ते ऐकायचं.

नाव मात्र पहिल्याच दिवशी विचारा. १९३६ साली डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. तो जगभर गाजला, पण त्यांनी बाईंचं नाव विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये. या फोटोचा आपल्याला एक पैसा मिळाला नाही, हे त्या बाईंनी तेव्हा बोलून दाखवलं. फोटो थोर आहे, वादच नाही. पण मला तो पाहताना ती बेचाळीस वर्षं आठवतात.

प्रश्न : गिऱ्हाइकानं पैसे देऊन काढून घेतलेले पोर्ट्रेट मी माझ्या पुस्तकात वापरू शकतो ना? फोटो तर मीच काढलेत.
— एक स्टुडिओचालक, हडपसर

उत्तर : न विचारता नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसला, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. हे ऐकून बरेच स्टुडिओवाले माझ्यावर चिडतात. आगाऊ रकमेच्या पावतीवर हक्काबद्दल एक ओळ छापून घ्या आणि तिच्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्या. जुन्या फोटोंसाठी फोन करा. पुस्तकात येतंय म्हटल्यावर बहुतेक लोक हो म्हणतात, फक्त प्रत फुकट मागतात.